पाण्याचा थर आणि स्वदेशीची कसोटी

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीचे नाव उच्चारले की मराठी मनात एकच चित्र उभे राहते. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सहकारी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर कामी आले. परंपरा सांगते की तो महाशिवरात्रीचा दिवस होता. नेसरीजवळच्या कानडेवाडी येथील स्मारकापुढे आजही माणसे नतमस्तक होतात आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या बलिदानाची कथा जिथून सुरू होते, तो प्रसंग आपण क्वचितच आठवतो. तो प्रसंग पाण्याचा आहे.

१६७३ च्या एप्रिलमध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात असलेल्या उमराणीजवळ प्रतापरावांनी याच बहलोलखानाला गाठले होते. त्यांनी सर्वप्रथम काय केले? खानाच्या फौजेचे पाणी तोडले. उन्हाळ्याचे दिवस, अवर्षणाचा मुलूख. माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली आणि खानाला शरण यावे लागले. प्रतापरावांनी उदार होऊन त्याला सोडून दिले, शिवछत्रपती त्यावर रुष्ट झाले आणि त्या शब्दाची टोचणी मनात घेऊन सरनौबत नेसरीच्या खिंडीत उतरले. हा पुढचा भाग सर्वांना पाठ आहे. पण उमराणीचा धडा वेगळा आहे. पाणी ज्याच्या हाती, रण त्याच्या हाती. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रातही गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहण्याची आज्ञा आहे. बुरूज, तट, तोफा हे सारे नंतर.

आज पाण्याची नाकेबंदी घोडदळाने होत नाही. आज ती होऊ शकते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या एका थराने. हा थर म्हणजे पाणी गाळणारे बहुवारिकाचे पटल. या पटलाच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू नेमके कसे वागतात, याचे ज्ञान ज्या राष्ट्राजवळ असेल, त्याच्या हाती उद्याचे पाणी असेल. विषय किचकट वाटेल. पण स्वदेशीचा उच्चार आपण नित्य करतो, म्हणून तो समजून घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

नदी उशाशी, पाणी दूर

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. कोल्हापूर हा पाण्याच्या तंत्रज्ञानाला स्वतःचे नाव देणारा जिल्हा आहे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ देशभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीच्या धरणाचा संकल्प सोडला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. असे असूनही पंचगंगेच्या काठावरील कोल्हापूर नगरीला पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या काळम्मावाडी धरणातून थेट नळवाहिनी आणावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पाणी शहरात पोहोचले. त्याच नदीच्या काठावरील इचलकरंजीने २०१२ साली काविळीची भीषण साथ पाहिली. नदी उशाशी असून पाणी दूर, ही आपल्या नागरी जीवनाची शोकांतिका आहे.

नेसरीची स्थिती निराळी आहे. या परिसरातून वाहणारी घटप्रभा नुकतीच सह्याद्रीतून उतरलेली असते. पुढे ती कर्नाटकात जाते, हिडकलच्या जलाशयात साठते आणि गोकाकच्या धबधब्यावरून कोसळते. डोंगराकडच्या अशा पाण्यात विरघळलेले क्षार थोडे असतात. त्यात दोष असतो तो गढूळपणाचा आणि रोगजंतूंचा. उलट शिरोळ तालुक्यातील पाणथळ व खारवट झालेल्या जमिनींच्या पट्ट्यात क्षारांचाच प्रश्न बिकट आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचे पाणी आणि दोन प्रकारचे उपाय. क्षार काढायचे असतील तर उलट परासरण, म्हणजे आपण ज्याला ‘आर. ओ.’ म्हणतो ते हवे. केवळ गाळ व जंतू अडवायचे असतील तर त्याहून मोकळ्या छिद्रांचे, कमी दाबावर चालणारे अतिसूक्ष्म गाळण पटल पुरते.

मध्यमवर्गीय घरांनी हा भेद ध्यानी घेतला पाहिजे. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार एक लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार स्वीकारार्ह मानले आहेत. क्षार त्याहून कमी असताना आर. ओ. यंत्र बसवणे म्हणजे चांगले पाणी मोरीत सोडणे होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली नेमक्या याच कारणासाठी अशा यंत्रांवर निर्बंध घालण्यास आणि त्यांतून किमान ६० टक्के पाणी वापरात आलेच पाहिजे असा दंडक करण्यास सांगितले. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवे, या वृत्तीने घेतलेले यंत्र हे आरोग्याचे साधन नसते, ते प्रतिष्ठेचे साधन असते.

पटलाला मळ का चढतो?

पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीची बी आहे, कमळाचा कंद आहे आणि वस्त्रही आहे. वस्त्रगाळ पाणी ही आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील गोष्ट. पण कोणतेही गाळण कालांतराने माखते, हेही आजीला ठाऊक होते. म्हणूनच ती फडके रोज धुई आणि उन्हात वाळवी.

बहुवारिकाचे पटल असे पिळून वाळवता येत नाही. पाण्यातील प्रथिने, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली द्रव्ये, जिवाणू आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ त्याच्या पृष्ठभागावर बसतात. एक थर बसला की दुसऱ्याला आधार मिळतो. छिद्रे बुजतात, पाणी ढकलण्यासाठी अधिक दाब लागतो, अधिक वीज लागते, तीव्र रसायनांनी धुवावे लागते आणि अखेरीस पटल फेकून द्यावे लागते. गावातील शुद्ध पाण्याचे यंत्र उद्घाटनानंतर काही काळाने कुलूपबंद का होते, याच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. यंत्र दान मिळते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पटल बदलण्याचा खर्च मात्र कोणी दान करीत नाही.

मग मळ बसूच नये असा पृष्ठभाग का करू नये? येथे सर्वसाधारण बुद्धी आपल्याला फसवते. स्वच्छ पृष्ठभाग म्हटले की आपल्याला कमळाचे पान आठवते. गीतेनेही अलिप्ततेसाठी त्याचाच दृष्टान्त दिला आहे. पाणी थेंबाथेंबाने ओघळते आणि जाताना धूळ घेऊन जाते. पण कमळाचे पान हवेत असते, पटल मात्र अष्टौप्रहर पाण्यात बुडालेले असते. पाण्यात बुडालेला पृष्ठभाग पाण्याला दूर लोटणारा असेल, तर पाण्याला नकोशी झालेली तेलकट द्रव्ये आणि प्रथिनांचे जलविरोधी भाग त्याच्याशीच जाऊन चिकटतात. म्हणून येथे उपाय उलटा आहे. पृष्ठभागाने पाण्यावर प्रेम केले पाहिजे. त्याने पाण्याचा एक थर इतक्या घट्टपणे धरून ठेवला पाहिजे की चिकटायला आलेल्या प्रथिनाला आधी त्या थराशी झुंजावे लागेल. पाण्यातील मळाला अडवणारी तटबंदी पाण्याचीच असते!

ही तटबंदी दोन-तीन रेणूंच्या जाडीची असते. पाण्याचा एक रेणू नॅनोमीटरच्या सुमारे चतुर्थांशाएवढा आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्याचे रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधाने हातात हात घालतात. पण ते हात सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या सुमारास सुटतात आणि पुन्हा दुसऱ्यांशी जुळतात. इतके सूक्ष्म आणि इतके चंचल वर्तन डोळ्याने पाहणे अशक्य. प्रयोगशाळेतील उपकरणे त्याची खूण देतात, तपशील हाती लागू देत नाहीत. म्हणून संगणकाचा आश्रय घ्यावा लागतो.

संगणकातले पाणी

संगणकीय प्रतिरूपण म्हणजे काय, हे शालेय पदार्थविज्ञानाच्या आधारे समजू शकते. प्रत्येक अणू म्हणजे एक गोळी. त्यांना जोडणारे रासायनिक बंध म्हणजे स्प्रिंगा. ऑक्सिजनवर थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनवर थोडा धन प्रभार. प्रत्येक गोळीवर शेजाऱ्यांमुळे किती बल पडते ते मोजायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने तिचा वेग काढायचा आणि तिला किंचित पुढे सरकवायचे. पुन्हा बल मोजायचे, पुन्हा सरकवायचे. हे प्रत्येक पाऊल एक किंवा दोन फेम्टोसेकंदांचे. फेम्टोसेकंद म्हणजे वर सांगितलेल्या क्षणाचाही हजारावा भाग. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाएवढा, म्हणजे एका नॅनोसेकंदाचा ‘चित्रपट’ पाहायचा तर अशी पाच लाख पावले चालावी लागतात. शंभर नॅनोसेकंदांसाठी पाच कोटी. आणि प्रत्येक पावलाला हजारो, कित्येकदा लाखो अणूंचा हिशेब. हे काम मानवी हाताने जन्मोजन्मी होणारे नाही.

पटलाचा अभ्यास करताना संगणकात बहुवारिकाचा एक तुकडा रचतात, त्यावर पाण्याचे रेणू सोडतात आणि पाहतात की पृष्ठभागाजवळचा रेणू किती काळ तेथे टिकतो, तोंड कोणत्या दिशेला करतो, त्याची चाल किती मंदावते. मग एक प्रथिन हळूहळू जवळ आणतात आणि त्याला किती विरोध होतो ते मोजतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात केलेल्या अशा प्रतिरूपणांनी दाखवले की प्रथिनाला परत लोटणारे बल मुख्यतः पृष्ठभागाला धरून बसलेल्या पाण्याकडून येते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे बहुवारिक पाण्याला हायड्रोजन बंधाने धरते. त्याहून प्रभावी ठरतात ती उभयप्रभारी बहुवारिके, ज्यांच्या एकाच घटकावर धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार शेजारी शेजारी असतात. ती पाण्याला प्रभाराच्या ओढीने धरतात, म्हणून पकड अधिक घट्ट. आणि एकूण बेरीज शून्य असल्याने भोवतालच्या प्रभारित कणांना ती विनाकारण आमंत्रण देत नाहीत.

याचा व्यावहारिक लाभ कोणता? नवे बहुवारिक प्रयोगशाळेत बनवून, पटल ओतून, महिनोन्महिने गढूळ पाण्यात तपासावे लागते. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. संगणकात दहा रचना तपासून त्यांतील आठ आधीच बाद करता आल्या, तर प्रयोगशाळेचे श्रम उरलेल्या दोहोंवर केंद्रित होतात. ज्या देशाजवळ पैसा कमी आणि बुद्धी अधिक, त्या देशाला तर ही पद्धत वरदानच ठरावी.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. अणूंमधील बलांचे जे नियम आपण संगणकाला देतो, तेवढेच खरे उत्तर तो देतो. त्याची पेटी काही नॅनोमीटरची, आपली नदी शेकडो किलोमीटरची. पंचगंगेच्या पाण्यात कारखान्याचे सांडपाणी, साबण, मैला, कॅल्शियमचे क्षार असे सर्व काही एकत्र असते. म्हणून संगणकाचे प्रत्येक अनुमान प्रयोगाच्या निकषावर घासून पाहावे लागते. आणि मळ न चढणारे पटल तयार झाले, तरी नदी मळवण्याचा परवाना कोणाला मिळत नाही, हेही ठणकावून सांगितले पाहिजे.

बीज आपले, शेत परक्याचे

आता या विषयाचा इतिहास पाहू, कारण त्यात आपल्यासाठी मोठा बोध आहे.

आज जगभर समुद्राचे पाणी गोडे करणारी जी पटले वापरतात, त्या विद्येचा पाया कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९-६० च्या सुमारास घातला गेला. तो घालणाऱ्या दोघांपैकी एक सिडनी लोब आणि दुसरे श्रीनिवास सौरीराजन. हे सौरीराजन तामिळनाडूचे. पाणी वेगाने जाऊ देणारे आणि मीठ अडवणारे पहिले व्यवहार्य पटल शास्त्रीय ग्रंथांत आजही त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

द्रवातील अणूंच्या हालचालींचे संगणकीय प्रतिरूपण ज्यांनी सिद्ध केले, ते अनीसुर रहमान हैदराबादचे. त्यांनी १९६४ साली अमेरिकेतील अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ८६४ अणूंच्या द्रवरूप आर्गॉनचे गणित मांडले आणि १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याच्या २१६ रेणूंचे. पाण्याचा एक लहान थेंब घेतला तर त्यात एक कोटीच्या कोटी पट आणि त्याच्याही कोटी पट रेणू असतात. त्यांपुढे २१६ म्हणजे काहीच नव्हे. पण त्या २१६ रेणूंनी पाण्याच्या अभ्यासाची दिशा बदलली. आज जगात कोठेही कोणी पाण्याचे प्रतिरूपण करतो, तो रहमान यांनी आखलेल्या वाटेवरूनच चालतो.

म्हणजे मळरोधी पटलावरील पाण्याचे प्रतिरूपण या विद्याशाखेच्या दोन्ही मुळांशी भारतभूमीचे सुपुत्र आहेत. परंतु त्यांच्या कर्तृत्वाला शेत मिळाले ते परक्या भूमीत. बीज आपले, शेत परक्याचे, आणि पीक आपण रोख पैसे मोजून विकत घेतो! आपल्या घरोघरीच्या शुद्धीकरण यंत्रांवर भारतीय नाव झळकते. आतील पटल मात्र मोठ्या प्रमाणात अमेरिका, जपान, कोरिया वा चीन येथून आलेले असते. बाहेरची पेटी, नळ आणि चिकटपट्टी आपली. ज्या थरात सारी विद्या साठली आहे तो थर परका. याला स्वदेशी म्हणायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर निराशेचे नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या पटलावर आधारित, विजेविना चालणारे घरगुती शुद्धीकरण यंत्र विकसित करून त्याचे तंत्रज्ञान भारतीय उद्योजकांना दिले. त्याच केंद्राच्या कल्पाक्कम येथील प्रकल्पाची रचना प्रतिदिन ६३ लाख लिटर सागरजल गोडे करण्यासाठी झाली आहे. १९५० साली सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विषाणूंनाही अडवू शकणारे अतिसूक्ष्म गाळण पटल सिद्ध केले. भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने उलट परासरणाच्या पटलांवर दीर्घकाळ काम केले आहे. आपल्याला करता येते, हे यातून सिद्ध झाले आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा आणि सातत्याचा.

नकारातून उभे राहिलेले ‘परम’

संगणकाच्या बाबतीत तर आपला अनुभव अधिक बोलका आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला उच्च क्षमतेचा महासंगणक देण्याचे नाकारले. त्या नकारातून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे ‘सी-डॅक’ उभे राहिले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकार झाला. २००७ साली पुण्यातच टाटा समूहाने उभारलेला ‘एक’ हा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर पोहोचला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मान्यता मिळाली. २०१९ साली काशी हिंदू विद्यापीठाच्या परिसरातील आय. आय. टी.मध्ये ‘परम शिवाय’, त्याच वर्षी पुण्याच्या ‘आयसर’मध्ये ‘परम ब्रह्म’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे ‘परम रुद्र’ राष्ट्राला अर्पण झाले. ज्यांनी आपल्याला यंत्र नाकारले, त्यांचे खरे तर आभारच मानले पाहिजेत.

पण यंत्र उभे राहिले म्हणजे विद्या उभी राहिली असे नव्हे. घोडा दाराशी बांधला म्हणून स्वार तयार होत नाही. महासंगणकावर कोणता प्रश्न सोडवायचा, हे ठरवणारी माणसे हवीत. आणि तो प्रश्न आपल्या मातीतून आलेला हवा. उभयप्रभारी बहुवारिकाचे पटल उत्तर समुद्राच्या पाण्यात कसे वागेल, हे तेथील संशोधक पाहतील. उसाच्या पट्ट्यातील सांडपाण्यात ते कसे वागेल, इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्यात त्यावरील जलस्तर टिकेल की ढळेल, पावसाळ्यातील घटप्रभेच्या तांबड्या गढूळ पाण्यात चिकणमातीचे कण त्यावर बसतील काय, हे प्रश्न कोण विचारणार? ते विचारण्याचे काम आपलेच आहे.

येथे काही कार्यकर्ते बंधू म्हणतील, ‘खेड्याला नळ हवा आहे, फेम्टोसेकंद नको आहेत.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन अभियानाने घरोघरी नळ नेण्याचे काम हाती घेतले. परंतु नळ येणे आणि नळाला निर्दोष पाणी येत राहणे या दोन गोष्टी आहेत. पहिली पैशाने साधते, दुसरी ज्ञानाने. ज्ञान नसेल तर प्रत्येक बिघाडाच्या वेळी आपण परक्याच्या दारात उभे राहू. किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा विलायती नांगर विकण्याची दलाली करणे त्यांना अधिक सोपे गेले असते. त्यांनी नांगर घडवण्याची विद्या हस्तगत केली आणि म्हणून महाराष्ट्राच्या उद्योगाला कणा मिळाला.

दुसरीकडे, ‘हे सर्व आपल्या प्राचीन ग्रंथांत आहेच’ असे म्हणून समाधान मानणारेही आपल्यात आहेत. त्यांना एका प्राचीन स्मृतीतील मार्मिक दाखला सांगावासा वाटतो. निवळीच्या झाडाचे फळ पाणी निवळते हे खरे, पण त्याचे केवळ नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असे ते स्मृतिकार बजावतात. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान असणे ही अत्यंत योग्य गोष्ट आहे. पण सुश्रुताचे नाव घेतल्याने पंचगंगा शुद्ध होणार नाही. सुश्रुताने जी निरीक्षणाची, परीक्षणाची वृत्ती दाखवली, ती अंगी बाणवणे हेच त्याचे खरे तर्पण होय.

करावयाचे काम

मग आपण काय करावे? उपदेशाचा पाऊस पाडण्यात अर्थ नाही. चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट पालकांसाठी. संगणक शिकणे म्हणजे परदेशी कंपनीची नोकरी मिळवणे, हे समीकरण आपल्या घरांत इतके रुजले आहे की विज्ञानातील मूलभूत प्रश्नासाठी संगणक शिकणारा मुलगा वा मुलगी ‘वाया गेली’ असे मानले जाते. याच कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगावचे डॉ. शिवराम भोजे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या संचालकपदापर्यंत पोहोचले. खेड्यातील मुलाला मोठे विज्ञान झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. रेणूंच्या प्रतिरूपणासाठी ‘ग्रोमॅक्स’ आणि ‘लॅम्प्स’ यांसारख्या संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. पाण्याच्या काही हजार रेणूंचे गणित साध्या संगणकावरही करता येते. रहमान यांच्याजवळ १९७१ साली याहून कितीतरी दुबळे यंत्र होते. नेसरी-गडहिंग्लज परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा विषय देता येईल. मोठ्या गणितासाठी राष्ट्रीय अभियानातील महासंगणकांवर इतर संस्थांतील संशोधकांनाही वेळ मिळू शकतो. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पातळ पटलांच्या पदार्थविज्ञानाची चांगली परंपरा आहे. पृष्ठभागाचे शास्त्र जाणणारी अशी माणसे जवळ असताना पाण्याच्या पटलाचा विचार आपल्याकडे का होऊ नये?

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. ग्रामविकासाच्या कामात जलशुद्धीकरण यंत्र बसवताना तीन प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. येथील पाण्यात दोष कोणता? त्या दोषाला हेच पटल योग्य आहे काय? आणि ते माखल्यावर कोण, कशाने आणि कोणाच्या खर्चाने धुणार वा बदलणार? या तीन प्रश्नांची नोंदवही प्रत्येक गावात ठेवली, कोणते पटल किती दिवसांत आणि कशाने तुंबले हे प्रामाणिकपणे लिहिले, तर ती नोंद संशोधकाला सोन्यासारखी ठरेल. संगणकातील पाणी आणि विहिरीतील पाणी यांना जोडणारा पूल अशा नोंदींनीच बांधला जातो.

चौथी गोष्ट शासन आणि उद्योगांसाठी. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ०.६४ टक्के होते. पाण्याच्या टंचाईतून वर आलेला इस्रायल पाच टक्क्यांहून अधिक खर्च करतो. आपल्याकडे उद्योगांचा वाटा तर फारच तोकडा. यंत्राच्या पेटीवर राष्ट्रध्वजाचे रंग छापणाऱ्या उद्योजकांनी आतील पटलाच्या संशोधनासाठी किती पैसे दिले, हे ग्राहकाने विचारले पाहिजे. ग्राहकाचा हा प्रश्न म्हणजेच आजची स्वदेशी चळवळ.

शौर्य आणि साधना यांत आपण नेहमी शौर्याला अधिक वंदन करतो. एका क्षणात सर्वस्व झोकून देणे दिव्य आहेच. राष्ट्राला त्याची गरज पडते आणि तेव्हा ते देणारे निपजतातही. पण राष्ट्र नित्य उभे राहते ते वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाशी झुंजणाऱ्या, नाव न झळकणाऱ्या माणसांच्या बळावर. गडावर टाके खोदणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणत्याही बखरीत नाही. त्याच्या टाक्यातील पाण्यावर मात्र गड लढला. पाण्याच्या दोन-तीन रेणूंच्या थराचा अभ्यास करीत रात्र जागवणारा तरुण हा त्या पाथरवटाचाच वंशज आहे. त्याला समाजाने ओळखावे, आधार द्यावा आणि त्याच्या कामाची वाट पाहण्याचे धैर्य ठेवावे. पाणी आपल्या हाती राहायचे असेल, तर ही टाकी आपल्यालाच खोदावी लागतील.